तो झेंडा कसला, असं आईने विचारलं

ताई,

मी २४ वर्षांचा आहे. घर विलेपार्ल्याला. इंजिनीअरिंग मुंबईतच केलं आणि आता जर्मनीत आखेनला मास्टर्स करतोय. मागच्या जुलैत वर्गातली तैवानची मैत्रीण आणि आणखी चौघांबरोबर कोलोनच्या प्राइडला, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या हक्कांच्या मिरवणुकीला गेलो. फार विचार करून गेलो असं नाही. विद्यार्थी पासावर तासाभराची गाडी होती, रविवार मोकळा होता. तिथे कुणीतरी गालावर रंगांचे पट्टे काढले. दिवसभर मी इतका मोकळा होतो की माझं मलाच नवल वाटलं. संध्याकाळी परतीच्या गाडीत मात्र रडू यायला लागलं, म्हणून सगळ्यांपासून लांब दारापाशी जाऊन उभा राहिलो.

एकाने तिथल्या झेंड्याबरोबरचा फोटो टाकून मला टॅग केलं. मावसभावाने तो फोटो मला पाठवून विचारलं, 'हे काय?' मी अजून उत्तर दिलेलं नाही. ऑगस्टात रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, 'तो झेंडा कसला रे?' मी सांगितलं, युनिव्हर्सिटीचा कार्यक्रम होता. दिवाळीत तिने परत विचारलं. मी परत तेच सांगितलं.

मला मुलगे आवडतात, बहुतेक. 'बहुतेक' म्हणतो कारण आजवर काही घडलेलं नाही. यंदा मैत्रीण पुन्हा चल म्हणतेय. सप्टेंबरात गणपतीला तीन आठवडे घरी येणार आहे. आत्याने एक स्थळ आणलंय, आई म्हणते 'नुसतं भेट'. कर्जाला बाबा सहकर्जदार आहेत. मी प्राइडला जावं का? जाऊन घरी न सांगणं हा दुटप्पीपणा नाही का? तिकडे मी खरा आणि मुंबईत खोटा, असं होऊन बसलंय.

आखेनहून एक वाचक

* * *

प्राइडला जा.

हे पहिल्यांदा सांगून टाकते, कारण तुझ्या पत्रात दोन प्रश्नांची गाठ बसली आहे. कोलोनला जायचं का, हा एक. घरी सांगायचं का आणि कधी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जुलैपर्यंत द्यायचं आहे. दुसऱ्याला तारीख नाही, आणि ती तुझ्याशिवाय कुणी घालूनही देऊ शकत नाही. तू मात्र असं धरून चालला आहेस की एकदा त्या मिरवणुकीत पाय टाकला की घरी सांगण्याचं कर्ज डोक्यावर चढलं. तसं काही नाही. ज्याला घर तुटण्याची, फी अडकण्याची, आईचं बोलणं बंद होण्याची धास्ती आहे, तो गप्प राहिला तर मी त्याला दुटप्पी म्हणणार नाही.

'बहुतेक' या शब्दाचंही ओझं घेऊ नकोस. तिथे दारावर कुणी दाखला मागत नाही. पंढरीच्या वाटेवर चालणारा प्रत्येक जण माळकरी असतो का? कुणी आईला सोबत म्हणून निघतो, कुणी पाहायला म्हणून, कुणाला निघताना कारणच ठाऊक नसतं. कोलोनला फुटपाथवर उभं राहून बघणारे तर लाखांनी असतात, लेकरांना खांद्यावर घेऊन आलेले आईबापही असतात. काही घडल्याशिवाय आपल्याला काय आवडतं ते कळत नाही, ही अट आपण बाकी कुणाला घालत नाही. शाळेत एखाद्या मुलाला एखादी मुलगी आवडते तेव्हा त्याला कोण पुरावा मागतं?

यंदा जाशील तेव्हा मिरवणूक सुरू व्हायच्या आधी तासभर काढ आणि ऱ्हाइनच्या काठावर, होहेनत्सोलर्न पुलाजवळ जाऊन ये. प्रेमिकांच्या कुलपांनी लगडलेला तो पूल तू पाहिलाच असशील. त्याच्या पायथ्याशी गुलाबी आणि करड्या ग्रॅनाइटचं एक छोटं स्मारक आहे, १९९५ साली उभारलेलं. नाझी काळात मारल्या गेलेल्या समलिंगी पुरुषांचं आणि स्त्रियांचं. त्यावर दोनच शब्द ठळक आहेत, त्यांचा अर्थ असा: ठेचून मारलेले, गप्प राहून मारलेले. जर्मनीत पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम १७५ हिटलरने कडक केलं, आणि युद्ध संपल्यावरही पश्चिम जर्मनीने ते १९६९ पर्यंत तसंच वापरलं. त्या वीस वर्षांत सुमारे ५० हजार पुरुषांना शिक्षा झाल्या. छळछावणीतून सुटलेल्या माणसाला त्याच कलमाखाली पुन्हा आत टाकता येत होतं. कलम पुरतं रद्द व्हायला १९९४ उजाडलं, आणि त्या शिक्षा संसदेने पुसल्या त्या २०१७ साली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून तिथे समलिंगी जोडप्यांची लग्नं होऊ लागली.

हे एवढं सविस्तर सांगते ते तुझ्या शेवटच्या वाक्यासाठी. 'तिकडे मी खरा आणि मुंबईत खोटा.' तुला वाटतंय की मोकळेपणा ही तिकडच्या मातीतली गोष्ट आहे आणि तू पाहुणा म्हणून तिचा घोट घेऊन आलास. पण तिथली माणसंसुद्धा काल-परवापर्यंत लपतच होती. तिथे त्या मिरवणुकीला सीएसडी, ख्रिस्तोफर स्ट्रीट डे, म्हणतात ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्तोफर स्ट्रीटवरून. त्या रस्त्यावरच्या स्टोनवॉल इन या बारवर जून १९६९ मध्ये पोलिसांनी धाड घातली आणि आतली माणसं पळून न जाता उलटून उभी राहिली. बर्लिनमध्ये पहिली सीएसडी निघाली ती १९७९ साली.

आणि मुंबई? १९९० साली इथे 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगी लोकांचं मासिक निघालं. जर्मनीने कलम १७५ पुसलं त्याच १९९४ साली अशोक राव कवी यांनी इथे समलिंगी लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट सुरू केला. त्यांचं केंद्र वाकोल्याला, म्हणजे तुझ्या पार्ल्याहून एक स्टेशन. तू अभ्यासाला बसायचास तेव्हा तिथे दर आठवड्याला तुझ्यासारखी मुलं भेटत होती, फक्त तुला कुणी सांगितलं नाही. १६ ऑगस्ट २००८ ला, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, गवालिया टँकवरून 'क्वीअर आझादी'चा पहिला मोर्चा निघाला. जिथे १९४२ साली 'चले जाव' म्हटलं गेलं, तेच मैदान. त्या सुरुवातीच्या मोर्चांत पुष्कळ जण तोंडावर मुखवटे लावून चालले. कुणाचं ऑफिस त्याच रस्त्यावर होतं, कुणाचा काका समोरच्या इमारतीत राहत होता. मुखवटा लावून आलेला माणूसही आलेलाच असतो. हे मला तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून कळलं, आणि तुझं पत्र वाचताना तेच चेहरे डोळ्यांपुढे आले. गालावरचे रंग तू गाडीत बसायच्या आधी पुसले असशील, तर त्यानेही काही बिघडलेलं नाही.

'हे तिकडचं फॅड' असं घरात किंवा बिल्डिंगमध्ये कुणी म्हणेलच. तेव्हा एवढं लक्षात ठेव की फॅड म्हणायचंच तर बाहेरून आलेला तो कायदा होता. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेतलं. सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला दोन सज्ञान माणसांच्या खासगी संबंधांतून ते काढून टाकलं.

आता फोटो. मुखवट्याच्या बाबतीत तू त्या मुलांपेक्षा अडचणीत आहेस, कारण त्यांच्या वेळी प्रत्येकाच्या हातात कॅमेरा नव्हता. जर्मनीत एरवी माणसाच्या परवानगीशिवाय त्याचा फोटो छापता येत नाही, पण मिरवणूक आणि सभा याला अपवाद आहेत. मिरवणुकीचं चित्र म्हणून तुझा चेहरा कुठेही झळकू शकतो आणि तुला तक्रार करायला फारशी जागा नाही. तेव्हा चेहरा दिसायला नकोच असेल तर कडेला राहा, टोपी-गॉगल घाल. तुला विचारल्याशिवाय टॅग दिसणार नाही अशी सोय फोनमध्ये आजच करून ठेव. सोबत येणाऱ्या पाचही जणांना आधी तोंडाने सांग: फोटो टाकायचा नाही. लाजू नकोस. त्या तैवानच्या मुलीला हे समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही. तिच्या देशात २०१९ साली लग्नाचा कायदा झाला, आशियात पहिला. पण कायदा झाला म्हणून सगळ्या घरांची दारं त्याच दिवशी उघडत नाहीत, हे आपल्यासारखंच तिलाही ठाऊक असणार.

व्हिसाची भीती बाळगू नकोस. परवानगी काढून निघालेल्या मिरवणुकीत चालल्याने विद्यार्थ्याच्या व्हिसाला काही होत नाही. मात्र कोलोनवरून सगळ्या युरोपचा अंदाज बांधू नकोस. २०२४ साली बाउत्सेनसारख्या पूर्वेकडच्या छोट्या गावात प्राइडच्या समोर शेकडो निओनाझी जमले होते. हंगेरीत तर २०२५ साली कायद्यानेच प्राइडवर बंदी आणली. लोक तरीही प्रचंड संख्येने बुडापेस्टच्या रस्त्यावर उतरले, पण परदेशी विद्यार्थ्याने अशा ठिकाणी जायच्या आधी दहादा विचार करावा. कुठेही गेलास तरी येताना घोळक्याने ये.

मावसभावाला आज लिही. इतके महिने तुझी शांतता हेच त्याला मिळालेलं उत्तर आहे, आणि ते तो त्याच्या मनाने लावतोय. त्याला खुलासा देऊ नकोस, माफी मागू नकोस. 'मित्रांबरोबर प्राइडला गेलो होतो. याबद्दल घरी कुणाशी बोलायचं असेल तर मी बोलेन, तू बोलू नकोस.' बास. तो चांगला असेल तर एवढ्याने समजेल. नसेल तर निदान आपण कुणाची गोष्ट उचलून नेतोय हे तरी त्याला माहीत असेल.

आता आई, आणि इथे मला जरा थांबायचं आहे.

तिने दोनदा विचारलं. ऑगस्टात एकदा, दिवाळीत एकदा. युनिव्हर्सिटीच्या कार्यक्रमातला झेंडा कुणी इतके दिवस लक्षात ठेवत नाही. तिला कळलंय असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मावशीकडून काही कानावर गेलं असेल, तिने स्वतः फोनवर शोधलं असेल, किंवा निव्वळ कुतूहलही असेल. पण विषय तिने सोडलेला नाही आणि आरडाओरडाही केलेला नाही. तू दार लावलंस, ती दोनदा हलकेच वाजवून परत गेली.

म्हणून स्वतःबद्दल काही सांगायच्या आधी झेंड्याचं ते छोटं खोटं निस्तर. एखाद्या रविवारी, बाकी गप्पा होऊ देत, मग म्हण: 'आई, तू मागे विचारलं होतंस ना, तो झेंडा कसला. मी तेव्हा नीट सांगितलं नाही. ती प्राइडची मिरवणूक होती, समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या हक्कांची. वर्गातले सहा जण गेलो होतो. मला तिथे फार छान वाटलं.' यातला एकही शब्द खोटा नाही आणि एकही शब्द तुझ्या तयारीच्या पुढे जात नाही. मग गप्प राहा आणि ऐक. ती काय म्हणते, म्हणण्याआधी किती वेळ घेते, बाबा खोलीत आले तर विषय बदलते का. सप्टेंबरात घरी काय वाढून ठेवलंय, याचा अंदाज तुला त्या दहा मिनिटांत येईल.

तिने तिथेच विचारलं, 'तू पण तसाच आहेस का?' तर? उत्तर आधीच ठरवून ठेव, ऐनवेळी शोधू नकोस. 'हो आई, मला तसं वाटतं' म्हणता आलं तर म्हण. नाही म्हणता आलं तर, 'हे फोनवर नको, घरी आलो की बोलू.' फक्त 'छे, काहीतरीच काय' असं म्हणू नकोस. तो नकार तुला एक दिवस परत घ्यावा लागेल, आणि दरम्यान त्या नकाराच्या भरवशावर आत्याचं स्थळ पुढे सरकलेलं असेल. घरात मारहाण किंवा कोंडून ठेवण्याची धास्ती असती तर मी तुला बिनदिक्कत 'नाही म्हणून मोकळा हो' असं सांगितलं असतं. तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही. असेल आणि लिहिलं नसशील, तर माझा हा सगळा परिच्छेद बाजूला ठेव आणि आखेनमध्येच राहून आधी स्वतःचं बघ.

स्थळाबद्दल मात्र मी जराही मागे सरणार नाही. वीसेक वर्षांपूर्वी तुझ्याच वयाच्या एका मुलाने मला असंच पत्र लिहिलं होतं. मी त्याला उत्तर दिलं की आईवडिलांचं ऐक, लग्न झालं की मन रमतं. ते छापून आलं. पुढे काही वर्षांनी एका बाईचं पत्र आलं. लग्नाला सहा वर्षं झालेली, नवरा सज्जन, हात न लावणारा. माझ्यातच काहीतरी कमी आहे, असं तिने चार पानं भरून लिहिलं होतं. ती त्याच मुलाची बायको होती असं मी म्हणत नाही. पण ते पत्र वाचताना मला माझंच उत्तर शब्दन् शब्द आठवत होतं, आणि अजूनही आठवतं. तेव्हा 'नुसतं भेट'ला 'नाही' म्हण. कारण द्यायची गरज नाही. शिक्षण चालू आहे, मला लग्नाचा विचार करायचा नाही, हे खरंच आहे. समोर एक मुलगी आहे. तिने त्या दिवसासाठी सुट्टी काढलेली असते, तिच्या आईने पोहे केलेले असतात.

सप्टेंबरात सांगायचं ठरवलंस तर गणपती घरात असताना नको. घर पाहुण्यांनी भरलेलं, आई मोदकांच्या उकडीत, आणि तिला एका कोपऱ्यात जाऊन रडायलाही जागा नाही. निघायच्या आदल्या रात्रीही नको. कित्येक मुलं तसंच करतात, सांगायचं आणि विमानात बसायचं. ते सोपं पडतं हे मला कळतं, पण मागे राहिलेल्यांच्या हातात ते जळता निखारा देऊन जाण्यासारखं आहे. विसर्जन झालं, भांडी माळ्यावर गेली, घर शांत झालं की एखादी दुपार बघ. हाताशी निदान आठवडा राहील असं कर. आधी आईला सांगितलंस तर 'बाबांना सांगू नकोस' ही अट तिच्यावर फार दिवस लादू नकोस. ते गुपित सांभाळताना ती तुझ्यापेक्षा एकटी पडेल.

आणि व्यवहाराचं आधी बघ, कारण धीर पैशालाही धरून असतो. कर्जाचा पुढचा हप्ता सुटायला बाबांची सही लागते का, हे बँकेत विचारून घे. व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवलेल्या तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला येणारे पैसे किती महिने पुरतील ते कागदावर मांड. तुला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. एखादं वर्किंग स्टुडंटचं काम हातात आलं की सप्टेंबरातला तुझा आवाज वेगळा असेल. पासपोर्ट आणि परतीचं तिकीट स्वतःच्या बॅगेत.

आई काय काय म्हणेल ते मी सांगू शकते. आमचं काय चुकलं, कुणाची संगत लागली, डॉक्टरांना दाखवू. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि २०१८ साली आपल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही हा आजार नाही हे जाहीरपणे म्हटलं. 'बदलून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टराचं वागणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ पासून गैरवर्तन ठरवलंय, तेव्हा असल्या कुणाकडे जायला साफ नकार दे. समुपदेशकाकडे तिला एकटीला बोलायला जायचं असेल तर जरूर जाऊ दे. आणि सगळ्यात शेवटी ती विचारेल: म्हातारपणी तुला कोण? इथे खोटी आशा दाखवू नकोस. आपल्याकडे लग्नाचा हक्क मिळालेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने तो देण्याचं काम संसदेवर सोडलं. तिची काळजी निराधार नाही, एवढं तू मान्य केलंस तरी ती तुझ्या बाजूला एक पाऊल सरकेल.

तिला दुसऱ्या आईशी बोलता आलं तर सगळ्यात बरं. आपल्या रंगभूमीवरच्या चित्रा पालेकर समलिंगी मुलीची आई म्हणून वर्षानुवर्षं उघडपणे बोलत आल्या आहेत. समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणणाऱ्या दिल्ली हायकोर्टाच्या २००९ च्या निकालाला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं, तेव्हा निकालाच्या बाजूने कोर्टात गेलेल्या पालकांत त्या होत्या. मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे, एकमेकांशी बोलण्यासाठी पालकांनीच चालवलेला. मुलाने कितीही समजावलं तरी 'माझंही असंच झालं होतं' हे वाक्य फक्त दुसरी आईच म्हणू शकते. तुला हे स्वतःला उमगायला कितीतरी वर्षं लागली. तिला एका दुपारीत उमगावं अशी अपेक्षा धरू नकोस. ती दोन दिवस बोलली नाही तर चहा तू कर.

हे सगळं सप्टेंबरातलं, आणि तेही तुला हवं असेल तर. त्याच्या आधी जुलै आहे. मागच्या वर्षी तू गाडीत दारापाशी उभा राहून रडलास ते तुझ्याबरोबरच्या कुणाला कळलं नाही. यंदा त्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेव की परत येताना मला कदाचित बरं वाटणार नाही, तू शेजारी बस. कारण सांगायचं असेल तर सांग, नाहीतर नको. आखेन येईपर्यंत तास आहे.